छायाचित्ररचना आणि दृक्संवेदन
छायाचित्रातील रेषा पाहणाऱ्याची नजर इष्ट स्थळी ओघाने नेतात, असे रचनेची पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गाय टी. बझवेल यांनी ५५ चित्रे पाहणाऱ्या २०० व्यक्तींच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून १९३५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत असा अखंड प्रवास आढळत नाही. नजर उड्या घेते व विशेषतः माणसांवर, चेहऱ्यांवर ठरते. रचनेला अधिक भक्कम आधार मिळतो तो डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रूबिन यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या आकृती व पार्श्वभूमी यांतील भेदाचा. प्रत्यक्षात दोन डोळ्यांमुळे माणूस व त्यामागील खांब यांतील अंतर जाणवते. सपाट छायाचित्रात ते लोपून खांब डोक्यातूनच उगवल्यासारखा दिसतो. कॅमेरा हातभर बाजूला सरकविल्यास दोन्ही आकृती वेगळ्या होतात.