पंख होते, शेपटी राहिली

नवव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरात अब्बास इब्न फिर्नास नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. दरबारातला कवी, शिवाय आकाशातले ग्रह-तारे जाणणारा आणि पाण्यावर चालणारे घड्याळ करणारा. त्याने अंगाला पिसे लावली, पंख बांधले आणि उडी घेतली. बरेच अंतर तो तरंगत गेला म्हणतात. उतरताना मात्र आपटला आणि पाठ दुखावली.

ही हकिकत सविस्तर लिहिणारा अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांनंतरचा. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात आणि तीच करायची राहिली, असे कारण तो देतो. कौलावर उतरणारे कबूतर पाहा; शेपटी पंख्यासारखी पसरून ते वेग मारते. त्या काळातला पुरावा म्हणाल, तर मुमिन इब्न सईद या दुसऱ्या दरबारी कवीने कवितेत मारलेला टोमणा! आम्हा कवींचा हेवाही कधी इतिहासाच्या कामी येतो.

कुराणातली सूरह मुल्क पंख पसरत-मिटत जाणाऱ्या पक्ष्यांकडे बघायला सांगते. त्यावरून काही उत्साही मंडळी थेट विमानच कुराणात शोधतात. मला ते पटत नाही. तिथे यंत्राची कृती नाही, पाहण्याची आज्ञा आहे. दुसरीकडे, अशी नक्कल म्हणजे निर्मात्याशी बरोबरी, असे म्हणणारेही भेटतात. पण पाखराची शेपटी कशासाठी, हे शोधणाऱ्यात मला तरी उद्धटपणा दिसत नाही.

इब्न फिर्नास ८८७ साली वारला. कॉर्दोबात २०११ साली खुल्या झालेल्या एका पुलाला त्याचे नाव आहे. पुलाच्या कमानी पंखांसारख्या आहेत.