मैदान सोडून गेलेला संघ

खेळ आणि चरितार्थ हे दोन शब्द एकत्र उच्चारले कीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून पूर्वीं थोडीशी कुजबुज होत असे. खेळावें तें शरीरासाठीं, मनोरंजनासाठीं, फार तर शाळेच्या किंवा गांवाच्या नांवासाठीं. पोटासाठीं खेळणें म्हणजे कांहीं तरी हिणकस, अशी समजूत केवळ आपल्याच देशांत होती असें नव्हे, ती अमेरिकेंतहि होती. पुरुषांच्या बाबतींत तेथें ती केव्हांच मावळली. स्त्रियांच्या बाबतींत ती मावळावी म्हणून १९७८ सालीं एक मोठा प्रयोग सुरू झाला, आणि तीन हंगामांत तो आटोपला. बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या या पहिल्या धंदेवाईक लीगचा अखेरचा हंगाम १९८०-८१ चा. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

बास्केटबॉल हा खेळ मूळचा अमेरिकेचाच. १८९१ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें हिंवाळ्यांत छपराखालीं खेळतां यावा म्हणून तो काढला; दोन टोकांना पीच फळांच्या टोपल्या टांगावयाच्या व त्यांत चेंडू टाकावयाचा. पुढच्याच वर्षीं जवळच्या स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या बाईंनीं तो मुलींना शिकविला. परंतु धांवपळीनें मुलींच्या प्रकृतीस अपाय होईल, अंगीं धसमुसळेपणा येईल, या भीतीनें मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग कोणी ओलांडूं नये असा निर्बंध घातला. ही रेघ फार चिवट निघाली. आयोवा राज्यांत अर्ध्या मैदानापुरता, सहा-सहा मुलींचा खेळ १९९३ पर्यंत शाळांतून चालू होता. आणि गंमत अशी कीं, त्याच आयोवांत मुलींचा सामना पाहावयास सारें गांव लोटत असे. तेव्हां बायकांचा खेळ पाहावयास लोक येतच नाहींत, हें जें मागाहून वारंवार सांगण्यांत आलें, तें ऐकतांना आयोवाची आठवण ठेवावी.

१९७२ सालीं अमेरिकेंत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, हा त्याचा आशय. त्याची झळ, किंवा म्हणा ऊब, क्रीडांगणापर्यंत पोंचली. विद्यापीठें मुलींनाहि खेळासाठीं शिष्यवृत्त्या देऊं लागलीं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें स्त्रियांचा बास्केटबॉल प्रथमच आला व अमेरिकन मुलींनीं रौप्यपदक मिळविलें. पण पदवी हातीं पडली कीं यांचा खेळ संपला! बावीस वर्षांची, ऐन भरांतील खेळाडू. तिला पुढें खेळावयास स्वदेशीं जागाच नव्हती. ओहायोमधील कोलंबस शहराच्या बिल बर्न या गृहस्थांनीं ही उणीव हेरली व आठ शहरांत आठ मालक मिळवून लीग उभी केली. ९ डिसेंबर १९७८ रोजीं मिलवॉकी येथें पहिला सामना झाला. शिकागो हसल या संघानें मिलवॉकी डोज् या संघास ९२ विरुद्ध ८७ गुणांनीं हरविलें, आणि तो पाहावयास ७,८२४ लोक आले होते.

संघांचीं नांवें मोठीं बोलकीं आहेत. डोज् म्हणजे हरिणी, मिनेसोटा फिलीज् म्हणजे तरुण घोड्या, ह्यूस्टनच्या तर देवदूतच. खेळ पुरुषांच्या तोडीचा हवा, पण विकावयाचा तो गोंडस म्हणून, अशी ही दुटप्पी तऱ्हा होती. कॅलिफोर्नियांतील एका संघानें तर आपल्या खेळाडूंना उठावें-बसावें कसें, नटावें कसें, हें शिकविणाऱ्या शाळेंत धाडलें. चेंडू कसा टाकावा हें त्यांना येत होतें. पगार वेळेवर कसा मिळवावा, याची शाळा मात्र कोठें नव्हती.

आतां तिसऱ्या हंगामाकडे वळूं. दुसऱ्या वर्षीं लीगनें उत्साहाच्या भरांत आठाचे चौदा संघ केले होते. त्यांतील वॉशिंग्टन व फिलाडेल्फिया हे दोन हंगामाच्या आरंभींच बुडाले. १९८० च्या हिंवाळ्यांत तिसरा हंगाम उघडला तेव्हां नऊच संघ उरले होते, आणि न उरलेल्यांत कोण कोण होते पाहा. पहिल्या वर्षींचा विजेता ह्यूस्टन, दुसऱ्या वर्षींचा विजेता न्यूयॉर्क आणि दोन्ही वेळां अंतिम फेरींत पोंचलेला आयोवा, हे तिघेहि नामशेष! जिंकल्यानें पोट भरत नाहीं, याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

लीगची सारी भिस्त १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर होती. तेथें अमेरिकन मुली चमकतील, त्यांचीं नांवें घरोघर जातील, आणि मग त्याच मुली आपल्या संघांत उतरल्या कीं तिकिटें खपतील, असा हिशेब होता. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानांत शिरलें, अध्यक्ष कार्टर यांनीं बहिष्कार पुकारला, आणि तो हिशेब पुसला गेला. कॅरल ब्लाझेयोव्स्की या मुलीनें ऑलिंपिकसाठींच हौशी खेळाडू राहून धंदेवाईक खेळ दोन वर्षें लांबणीवर टाकला होता. तिच्या पदरीं ऑलिंपिकहि पडलें नाहीं. ती न्यू जर्सीच्या संघांत आली व त्या हंगामांत सरासरीनें सर्वाधिक गुण तिनेंच केले. नॅन्सी लीबरमन डॅलसकडे गेली. आदल्या वर्षीं जेमतेम सात सामने जिंकणारा हा संघ तिच्या येण्यानें ३६ पैकीं २७ सामने जिंकून गेला. नेब्रास्काचा संघ त्या वर्षीं नवाच. पण आयोवाचा मोडलेला संसार बराचसा तेथेंच नव्यानें मांडला गेला होता, प्रशिक्षक स्टीव्ह कर्क हेहि तेच. रोझी वॉकर ही त्यांची आधारस्तंभ, हंगामाची सर्वोत्कृष्ट खेळाडू. याच संघांतील एका मुलीचा फेब्रुवारींत खून झाला. तें दुःख घेऊन बाकीच्या पुढें खेळत राहिल्या. केवळ खेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर तिन्ही हंगामांत हा सर्वांत सरस होता, असें माझें मत आहे.

आणि पैशाच्या दृष्टीनें सर्वांत हलाखीचा. दोघीचौघी नामांकित मुलींचे करार मोठे. लीबरमनचा तर एक लाख डॉलरचा म्हणून गाजला. पण सामान्य खेळाडूचा करार वर्षाला पांच ते पंधरा हजार डॉलरचा, आणि तोहि कागदावर. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांनीं वाचला असेल त्यांना ही अवस्था परकी वाटणार नाहीं. पुढच्या मुक्कामीं उत्पन्न होईल, मग पगार देऊं, असें सांगून मालक मंडळी हलवीत असे, आणि नटवर्ग पेट्या उचलून मागोमाग जात असे. इकडे पेट्यांच्या जागीं पिशव्या आणि बैलगाडीच्या जागीं बस, एवढाच फरक. न्यू इंग्लंडचा नवा संघ तर जानेवारी १९८१ मध्येंच, हंगाम अर्ध्यावरहि आला नसतां, कोलमडला.

मिनेसोटाचा संघ असा कालचा नव्हता. तिन्ही हंगाम खेळलेले संघ तीनच: शिकागो, न्यू जर्सी आणि हा. २१ मार्च १९८१ रोजीं या संघाचा शिकागोशीं शिकागोमध्येंच सामना होता. म्हणजे तगून राहिलेल्या तिघांपैकीं दोघांची ही गांठ. मिनेसोटाच्या मुलींचें वेतन थकलेलें होतें. त्या मैदानांत आल्या, प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, आणि सामना सुरू होण्यापूर्वींच वळून चालत्या झाल्या. प्रशिक्षक टेरी कुंझे हेहि त्यांच्याबरोबर गेले. लीगनें त्यांना निलंबित केलें, आणि उरलेले सामने संघानें ऐन वेळीं गोळा केलेल्या मुलींना घेऊन उरकले.

तिकीट काढून आलेल्या लोकांचा यांत काय दोष, असा प्रश्न त्या वेळीं विचारला गेला असेल, आणि तो अगदींच चुकीचा नाहीं. पण त्या मुलींपुढें दुसरा कोणता मार्ग होता? त्यांच्यापाशीं संघटना नव्हती. मालकांनींहि आपल्या खिशांतील पुष्कळ पैसा गमावला, हें खरें. मात्र मालक हा जोखमीचा धनी, नफा झाला असता तर तो त्याचाच झाला असता. खेळाडूनें जोखीम घेतली नव्हती, तिनें काम केलें होतें. लीग इतके महिने चालली ती या न दिलेल्या पगारावर, म्हणजे एका अर्थीं खेळाडूंनींच दिलेल्या बिनव्याजी कर्जावर.

लीग बुडाल्यावर लोकांनीं निदान केलें कीं, काळ अजून आलेला नव्हता. हें निदान फार सोयीचें आहे; काळावर कोणी फिर्याद करीत नाहीं. पहिल्या दिवशींचे ७,८२४ प्रेक्षक मीं आधींच सांगितले. शिकागोचे सामने तेथील डब्ल्यूजीएन या दूरचित्रवाणी केंद्रावरून दाखविले जात. उणीव होती ती भांडवलाची. कित्येक मालकांपाशीं एका हंगामापुरताहि पैसा नव्हता. देशभर सामने दाखविण्याचा दूरचित्रवाणीशीं करार झाला नाहीं. आणि एक संघ बुडाला कीं त्याच्याशीं ठरलेले इतर संघांचे सामने व त्यांचें उत्पन्नहि बुडे. त्यांत कॅलिफोर्नियांत एक प्रतिस्पर्धी लीग निघाली. आयोवाची प्रख्यात नेमबाज मॉली बोलिन तिकडे गेली, ती लीग लगोलग आटोपली, आणि तिला परत येऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांत खेळावें लागलें.

एप्रिल १९८१ मध्यें डॅलस व नेब्रास्का यांची अंतिम फेरी पांचव्या सामन्यापर्यंत गेली आणि नेब्रास्कानें ती ३-२ अशी जिंकली. चौथा हंगाम उगवला नाहीं. १९९७ सालीं पुरुषांच्या बलाढ्य लीगच्या पाठबळानें स्त्रियांची नवी लीग सुरू झाली, तेव्हां नॅन्सी लीबरमन वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं तींत खेळावयास उतरली. जुन्या लीगच्या खेळाडूंचा टेनेसींतील नॉक्सव्हिल येथील महिला बास्केटबॉल कीर्तिमंदिरानें सामुदायिक सन्मान केला तो २०१८ सालीं, लीग बुडाल्याला सदतीस वर्षें झाल्यावर.

एक गोष्ट मात्र तिच्या मागें राहिली. या लीगच्या मुली पुरुषांच्या चेंडूहून सुमारें इंचभर कमी परिघाच्या, साडेअठ्ठावीस इंची चेंडूनें खेळत. शिकागोची कॅरन लोगन हिच्या पुढाकारानें तो तयार झाला होता. १९८४ च्या हंगामापासून अमेरिकन कॉलेजांनीं त्याच मापाचा चेंडू मुलींसाठीं घेतला, आणि २००४ सालीं तो आंतरराष्ट्रीय सामन्यांतहि आला.