ग्रिफन : क्रमहॉर्न आणि रॉक यांची चार वर्षांची सोयरीक

इ.स. १६००. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतून बाहेर पडलेला विनोदी नट विल केम्प लंडनहून नाचत निघाला आणि नाचाचे नऊ दिवस मोजून नॉर्विचला पोहोचला. त्याच्या नावाची एक नृत्यधून मागे उरली. १९७३ साली एका इंग्लिश रॉक बँडची पहिली तबकडी सुरू झाली ती याच धुनेने. बँडचे नाव ग्रिफन.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेले रिचर्ड हार्वे आणि ब्रायन गलंड हे त्याचे संस्थापक. गिटारवादक ग्रॅम टेलर आणि तालवाद्ये वाजवणारा डेव्हिड ओबर्ले त्यांना येऊन मिळाले. लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार जोडण्याचा प्रयोग इंग्लंडला नवा नव्हता. फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने तो १९६९ मध्येच गाजवला होता. ग्रिफनने केवळ जुन्या चाली उचलल्या नाहीत, जुनी वाद्येही उचलली. रेकॉर्डर, बसून आणि क्रमहॉर्न.

क्रमहॉर्न हे युरोपीय प्रबोधनकाळातील, तळाशी आकड्यासारखे वळलेले सुषिरवाद्य. सनईप्रमाणे यालाही दुहेरी पत्ती असते. परंतु सनईवादक पत्ती ओठांत धरतो, म्हणून स्वर वाकवू शकतो. क्रमहॉर्नची पत्ती लाकडी टोपणात बंद असते. परिणामी स्वर जेमतेम नऊ-दहा, आणि आवाज लहानमोठा करण्याची सोय जवळजवळ नाही. जोराने फुंकावे तर स्वरच चढतो. ज्या संगीताचा सारा जीव कुजबुज आणि गर्जना यांतील अंतरात आहे, त्यात असे हट्टी वाद्य आणणे हे धाडसच होते.

या बँडला ‘मध्ययुगीन रॉक’ म्हणण्याची प्रथा आहे. ती अर्धवट खरी आहे. पहिल्या तबकडीत ‘एस्टांपी’ हा मध्ययुगीन नृत्यप्रकार आहे खरा, पण केम्पची धून एलिझाबेथकालीन आणि आणखी एक रचना थेट आठव्या हेन्री राजाची! इतिहासाच्या वाचकाने ‘जुने म्हणजे मध्ययुगीन’ हा गोंधळ टाळलेला बरा.

१९७४ हे वर्ष निर्णायक ठरले. पीटर हॉल यांनी नॅशनल थिएटरसाठी ‘द टेम्पेस्ट’ बसवले. प्रॉस्परोच्या भूमिकेत जॉन गिलगुड. संगीत ग्रिफनचे. त्यातूनच ‘मिडनाइट मश्रम्प्स’ ही सुमारे एकोणीस मिनिटांची रचना आकारास आली. त्याच वर्षी ‘रेड क्वीन टू ग्रिफन थ्री’ प्रसिद्ध झाली : बुद्धिबळाच्या डावावर रचलेली चार वाद्यरचनांची तबकडी, शब्द एकही नाही. येथे जुन्या धुना उसन्या घेतलेल्या नाहीत. सिंथेसायझर आणि बसून एकाच वाक्यातील दोन शब्दांसारखे शेजारी येतात, आणि क्रमहॉर्न हा संग्रहालयातील नमुना न राहता समकालीन आवाज होतो. बँडचे सर्वोत्तम काम हेच.

मग ‘येस’ या बलाढ्य बँडसोबत अमेरिकेचा दौरा झाला. दालनात वाजण्यासाठी घडलेली वाद्ये आता हजारो श्रोत्यांच्या क्रीडागृहांत ध्वनिक्षेपकांवर विसंबून होती. या प्रसिद्धीने ग्रिफनला मोठा श्रोता दिला, पण मोठ्या श्रोत्याची अपेक्षाही दिली. १९७५ च्या ‘रेनडान्स’मध्ये वेगळेपण पातळ होऊ लागले, १९७७ च्या ‘ट्रीझन’मध्ये गाणी पुढे आली आणि क्रमहॉर्न मागे सरला. तोवर पंकची लाट उसळली होती. तीन मिनिटांत संपणाऱ्या त्या संतप्त गाण्यांपुढे एकोणीस मिनिटांच्या रचनेला कोण विचारतो? बँड विसर्जित झाला.

हार्वे पुढे चित्रपट-दूरचित्रवाणी संगीताकडे वळले. १९९१ च्या ‘जीबीएच’ या मालिकेसाठी एल्विस कॉस्टेलो यांच्यासह त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये ग्रिफन पुन्हा एकत्र आला, आणि ‘ट्रीझन’नंतर ४१ वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘रीइन्व्हेन्शन’ हा नवा अल्बम निघाला.