विहिरीवरची जाळी

चंद्रपूर जिल्ह्यांत कोळशाच्या खाणींच्या परिसरांत माजरी नांवाचें आगगाडीचें जंक्शन आहे. तेथें आमचे एक जुने स्नेही राहतात. त्यांच्या परसांत वडिलांच्या वेळची बांधीव विहीर असून तिच्या तोंडावर तारेच्या बारीक जाळीचें झांकण आहे. गेल्या पावसाळ्यांत गंजून त्या जाळीस हातभर भगदाड पडलें, आणि दुरुस्तीचा विषय निघतांच घरांत दोन पक्ष झाले. नातवाचें म्हणणें, सिमेंटची लादी टाकून विहीर कायमची मिटवावी, पाणी उपसावयास पंप आहेच. आजीबाईंचें म्हणणें, ज्या पाण्यास ऊन लागत नाहीं तें देवास चालत नाहीं. आम्ही पाहुणे म्हणून गेलों होतों, तों आमच्या गळ्यांत पंचाचें काम पडलें.

हा तंटा मुंबईंत शंभर वर्षांपूर्वींच होऊन गेला आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांस डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु दिसले, आणि तेव्हांपासून पाण्याकडे पाहण्याची शहाण्या माणसांची दृष्टि बदलली. १९०० सालीं सांबोन व लो हे दोघे वैद्य रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलींत जाळ्या लावलेल्या झोंपडींत राहिले. सूर्यास्त होतांच ते आंत जात व उजाडल्यावर बाहेर पडत. आसपासचे लोक तापानें फणफणत असतां या दोघांस ताप शिवला नाहीं. इटलींत माणसांस जाळीआड ठेविलें; मुंबईनें पाण्यास ठेवावयाचें ठरविलें.

त्यास कारण होतें. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिंवतापाची पाहणी केली, तेव्हां तेथील रोगवाहक डासाचें मुख्य माहेर घरोघरच्या विहिरी हेंच असल्याचें आढळलें. हा डास मोठा शौकीन. त्यास गटार नको, स्वच्छ पाणी हवें. विहार तलावाचें पाणी नळानें १८६० पासून आणि तानशाचें १८९२ पासून शहरांत येत होतें, तेव्हां आतां विहिरी कशास हव्यात, असा पालिकेचा रोखठोक सवाल होता. तर्कानें तो बिनतोड होता. पण विहीर म्हणजे नुसता पाण्याचा सांठा नव्हे, हें त्या तर्कांत कोठेंच बसत नव्हतें. पारशांच्या अग्यारींतील विधींस विहिरीचेंच पाणी लागतें. हिंदु घरांतून विहिरीची पूजा होत असे. सूर्यचंद्राचे किरण पाण्यावर पडले पाहिजेत, ही दोघांचीही श्रद्धा. अखेर झांकणांत बारीक तारेच्या जाळीचें दार ठेवण्याची मुभा मिळाली. जाळींतून ऊन आंत जातें, डास जात नाहीं! पालिकेच्या सेवेंत असलेल्या रुस्तम मसानी यांनीं विहिरींविषयींच्या लोकसमजुतींवर १९१८ सालीं इंग्रजींत एक ग्रंथच प्रसिद्ध केला. विहिरी मिटविण्याच्या या भांडणाची हकीकत त्यांत आली आहे. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही पारशांचें श्रद्धास्थान आहे.

आजीबाईंस हंसण्याचा अधिकार आम्हांस तरी नाहीं. झरपटीच्या पाण्यानें खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरील गाठी बऱ्या झाल्या आणि म्हणून चांदा वसलें, ही आख्यायिका ज्या मुलखाची, तेथील बाईनें पाण्यास देव मानूं नये तर काय करावें? मात्र नातवाचीही एक गोष्ट खरी. जाळी नीट असेल तरच उपयोगी; फाटकी जाळी केवळ समाधान देते. मादी त्या भोंकांतून उतरून अंडीं घालते, आणि उन्हाळी हवेंत आठ-दहा दिवसांत नवे डास त्याच वाटेनें बाहेर पडतात. आणखी असें कीं, या भागांतील रानांत हिंवताप पसरविणारे डास ओढ्यांत व भातखाचरांतही वाढतात. त्यांस एका परसांतल्या झांकणानें काय होणार? मुंबईचा उपाय येथें अर्धाच लागू पडतो.

लादी पडली नाहीं. इंचास सोळा घरें असलेली, न गंजणाऱ्या पोलादाची जाळी आणून सागवानी चौकटींत ताणली, बिजागऱ्या नव्या घातल्या. सर्वांत अधिक वेळ गेला तो चौकट आणि कठडा यांमधील फटी चुन्यानें बुजविण्यांत; जुन्या सुतारानें त्यांकडे पाहिलेंच नव्हतें. दुपारीं ऊन विहिरींत उतरलें तेव्हां आजीबाईंनीं वांकून पाण्यावर पडलेली जाळीची नक्षी पाहिली, आणि नातवास दार घट्ट लावून घ्यावयास सांगितलें.