लोणावळ्याचा घाट आणि १९७४चा संप

लोणावळा म्हटलं की आपल्याला चिक्की आठवते. मला आज घाट चढवणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ३७ फुटांना एक फूट असा चढ, तो थेट लोणावळ्यापर्यंत. इथं डुलकी लागलेला ड्रायव्हर म्हणजे काय, हे सांगायला नको.

म्हणून १९७४च्या रेल्वे संपाकडे नुसता पगाराचा, बोनसचा संप म्हणून पाहू नका. कामाचे तासही त्यात होते. इंजिनवरच्या लोकांनी १९७३ मध्येच संप करून दहा तासांची ड्यूटी सरकारकडून कबूल करून घेतली होती. अंमलबजावणी रखडली. ८ मे १९७४ला देशभर संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस त्याआधीच, २ मेला अटकेत. वीस दिवसांत संप मागे घ्यावा लागला.

पण घाव वेगळाच बसला. सरकारी नोकराला काढायचं तर आधी आरोप सांगायचे, त्याचं ऐकायचं, हे घटनेचं ३११वं कलम. त्यातच पळवाट आहे: चौकशी व्यवहार्य नाही, असं कारण साहेबानं लिहिलं की झालं! अनेकांची नोकरी अशी गेली. रेल्वेत नोकरीबरोबर क्वार्टरही जातं, म्हणजे बायकापोरं रस्त्यावर.

१९७७ला रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवत्यांनी त्यांना परत घेतलं. बोनसही १९७९ला मान्य झाला. पळवाट मात्र १९८५ला सुप्रीम कोर्टानं, तुलसीराम पटेल खटल्यात, वैध ठरवली. २०२१ला आपल्या देहूरोडसारख्या दारूगोळा कारखान्यांसाठी संपबंदीचा कायदा आला, त्यातही ती होतीच.