मेरुजल आणि मूषक

इंद्रायणीकांठच्या चऱ्होलीस एका अंगास आळंदी आहे आणि दुसऱ्या अंगास पिंपरीचे कारखाने. एकीकडे सातशेंहून अधिक वर्षें चालत आलेली भूतदयेची शिकवण, तर दुसरीकडे 1954 सालीं स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना. तेथें प्रथम पेनिसिलिन आणि पुढें स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊं लागलें. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागण्यापूर्वीं क्षयजन्य मेंदूज्वर झालेलें मूल वाचल्याचें क्वचितच ऐकूं येई. आरंभीं तें औषध मुलाच्या कण्यांत सुईनें घालावें लागे आणि तेथील पाणी वरचेवर काढून तपासावें लागे. या पाण्यास आपण सोईसाठीं मेरुजल म्हणूं. तें मिळविण्याची विद्या मनुष्यास कशी साधली, आणि तिची किंमत कोणीं दिली, हें पाहण्यासारखें आहे.

मेंदू व पृष्ठरज्जु या पाण्यांत बुडालेले असतात ही गोष्ट फार काळ कोणाच्या लक्षांत आली नाहीं. याचें कारण मोठें मौजेचें आहे. शवच्छेद करणारे आधीं मुंडकें वेगळें करीत. तेवढ्यांत पाणी निथळून जाई आणि पोकळी कोरडी दिसे! 1764 सालीं नेपल्सच्या कोतुन्यो या वैद्यानें शवें उभीं धरून कण्याच्या तळाशीं छेद घेतला, तेव्हां पाणी बाहेर पडलें. पुढें 1825 च्या सुमारास पॅरिसच्या माझाँदीनें जिवंत जनावरांच्या मानेमागून, कवटी व कणा यांच्या सांध्यापाशीं, हें पाणी काढून दाखविलें. गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें. ईथरचा जाहीर प्रयोग झाला तो 1846 सालीं. माझाँदीचें ज्ञान खरें आणि त्याचें क्रौर्यही खरें. इंग्लंडांत त्याच्या नांवानें जो संताप उसळला, त्याचा कांहीं अंश 1876 च्या तेथील प्राणिक्रौर्यविरोधी कायद्यांत उतरला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मनुष्याच्या कमरेंतून सुईनें मेरुजल काढण्याची पद्धत कील येथील क्विंके यानें 1891 मध्यें प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं, 1872 सालीं, त्यानें कुत्र्यांच्या मेरुजलांत हिंगूळ सोडून तें कोठें कोठें वाहतें हें पाहिलें होतें. अमेरिकेंत एअर व त्याच्या सोबत्यांनीं 1919 सालीं जनावरांच्या मानेमागील जलाशयांत सुई घालण्याची रीत वर्णिली, आणि पुढल्याच वर्षीं एअरनें ती मनुष्यावर वापरल्याचें सांगितलें. म्हणजे माझाँदीची वाट जनावराकडून मनुष्याकडे आली, पण या वेळीं गुंगीसह.

आतां मूषकाकडे वळूं. आम्हां पुणेंकरांस उंदीर म्हटला कीं 1897 चा प्लेगच आठवतो. प्रयोगशाळेंतला पांढरा उंदीर मात्र बिचारा निरुपद्रवी. मनुष्याजवळ सुमारें 150 मिलिलिटर मेरुजल असतें. लहान उंदराजवळ अवघें 35 ते 40 मायक्रोलिटर, म्हणजे एक लहानसा थेंब. त्यांतून दहाएक मायक्रोलिटर घ्यावयाचे. त्यांत रक्ताचा लेश मिसळला तरी सारें व्यर्थ, कारण रक्तद्रवांतील प्रथिनें मेरुजलांतल्यापेक्षां शंभरपटींहून अधिक असतात. या अडचणीमुळें पुष्कळदां एका नमुन्यास एक जीव असाच हिशेब असे. रोग आज कसा आहे आणि तीन महिन्यांनीं कसा, हें पाहावयाचें तर निरनिराळे उंदीर मारून त्यांची तुलना करावयाची. आणि उंदरा-उंदरांतला स्वाभाविक फरक त्या तुलनेंत मिसळे तो वेगळाच.

मोठ्या उंदरांच्या मानेंत नळी कायमची बसवून पाहण्यांत आली. पण नळी तुंबते आणि जंतूही शिरतात. 2008 सालीं लिऊ व डफ यांनीं लहान उंदरास गुंगी देऊन, मानेमागील पडद्यांतून बारीक कांचनळीनें पाणी घेण्याची व तोच उंदीर जगवून पुन्हां नमुना घेण्याची रीत वर्णिली. स्मृतिनाशाच्या रोगाचा अभ्यास हा तिचा हेतु होता. त्वचा न कापतां नुसत्या टोंचणीनें काम भागविण्याकडेही कित्येकांचा कल आहे.

रसेल व बर्च यांनीं 1959 सालीं आपल्या ग्रंथांत सांगितलें होतें कीं, शक्य तेथें प्राण्याऐवजीं दुसरें साधन घ्यावें, संख्या कमी करावी आणि यातना कमी कराव्या. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं राज्यसभेंत मांडलेल्या विधेयकानें जी चळवळ सुरू झाली, तिचें फळ 1960 चा प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायदा. प्रयोगांविषयींचे सविस्तर नियम 1998 सालीं आले.

तथापि वरील दोन सूचना येथें एकमेकींच्या आड येतात. दहांऐवजीं दोन उंदीर पुरले हें खरें. परंतु त्या दोघांस गुंगी, सुई आणि शुद्धीवर येतांनाची वेदना पुन्हां पुन्हां सोसावी लागते. मेलेल्या आठांचें दुःख एकदांच संपलें असतें. संख्या घटली एवढ्यावर समाधान मानणारे पंडित मला अर्धेंच गणित करतात असें वाटतें. माझें मत पुनर्नमुन्याच्या बाजूचें आहे, पण एका अटीवर: एका प्राण्यास किती वेळां टोंचावयाचें याची मर्यादा आधीं लिहून ठेवावी आणि ती प्रयोग चालू असतां वाढवूं नये. काढलेलें दहा मायक्रोलिटर पाणी उंदराच्या शरीरांत अर्ध्या-पाऊण तासांत पुन्हां तयार होतें. पडद्याची जखम भरावयास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, आणि दोन टोंचण्यांमधील अंतर त्या जखमेवरून ठरवावें लागतें.