पाबळचा विज्ञान आश्रम : शालेय तंत्रशिक्षणाचा एक प्रयोग

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव इतिहासप्रेमींना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक आहे. पर्जन्यछायेतील हा दुष्काळी टापू. पाऊस लहरी, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठणाऱ्या आणि तरुणांची दृष्टी पुण्या-मुंबईच्या रस्त्याकडे लागलेली. अशा या गावी सन १९८३ मध्ये एक शास्त्रज्ञ येऊन स्थायिक झाले आणि महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात एका निराळ्या प्रयोगाचा आरंभ झाला. त्या शास्त्रज्ञांचे नाव डॉ. श्रीनाथ कलबाग.

या प्रयोगाचे महत्त्व जाणण्यासाठी त्याची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. शिक्षणात हस्तोद्योगाला स्थान हवे, हा विचार आपल्या देशात नवा नाही. सन १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना मांडली आणि पुढे अनेक शाळांतून टकळी व चरखा फिरू लागला. हेतू उदात्त होता. परंतु शाळेत निघालेल्या सुताला पीळ किती, ते मागावर टिकेल काय आणि ते विकत घेणार कोण, हे प्रश्न बहुतेक ठिकाणी कोणी विचारलेच नाहीत. ज्याला गिऱ्हाईक नाही असे सूत काढण्यात मुलांचे मन फार काळ कसे रमणार? स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हा शब्दप्रयोग रूढ केला. शब्द बदलत गेले; वर्गात मात्र खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले यांपलीकडे फारशी मजल गेली नाही. तास वेळापत्रकात असे, आणि परीक्षा जवळ आली की तोच तास प्रथम गणिताला दिला जाई.

याच कालखंडात महाराष्ट्रात विज्ञानप्रसाराचे कार्यही जोमाने चालू होते. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोद्यासारख्या ग्रामीण परिसरातील शाळांतही काम केले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी निगडित असलेले थोर शिक्षणतज्ज्ञ. त्यांनीच स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून पाबळचा विज्ञान आश्रम उभा राहिला. नाईक १९८१ मध्ये निवर्तले. आयोगाच्या अहवालात जी शिफारस कागदावर राहिली होती, तिला त्यांच्याच संस्थेच्या अंगणात पुढे आकार मिळाला.

डॉ. कलबाग हे अन्न तंत्रज्ञानातील संशोधक. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते स्वदेशी परतले. काही वर्षे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत व त्यानंतर दीर्घकाळ हिंदुस्थान लीव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रात त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली. १९८२ मध्ये मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन, पत्नी मीराताईंसह, त्यांनी खेड्याची वाट धरली. प्रतिष्ठेची नोकरी सोडून पन्नाशीनंतर माळरानावर संसार मांडणे हे एकट्या पुरुषाच्या निश्चयाने होत नसते. मीराताईंच्या वाट्याचा उल्लेख अशा लेखांतून एका वाक्यात आटोपला जातो, तो तेवढ्यावर आटोपू नये.

त्यांचा सिद्धांत साधा होता. मनुष्य लहानपणापासून जे खरोखर शिकतो ते करता करता शिकतो. मग शाळेतच त्याने हात बांधून का बसावे? प्रथम पाबळच्या शाळेत व नंतर आसपासच्या शाळांत इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातील एक पूर्ण दिवस कामासाठी राखून ठेवण्यात आला. अभ्यासक्रमाचे चार भाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. एका मुलाने एकच कसब घोटावे असा आग्रह नव्हता. प्रत्येकाने चारही प्रकारची कामे करावयाची, मुलींनी वेल्डिंग करावयाचे आणि मुलांनी स्वयंपाक व पोषण शिकावयाचे. कोणी वीजजोडणी करी, कोणी माती व पाणी तपाशी, कोणी रक्तगट पाही, कोणी कोंबड्यांच्या खाद्याचे प्रमाण काढी. शिकविणारे बहुधा गावातलेच कसबी. पदवीचा कागद नसलेला गवंडी किंवा वेल्डर शाळेत निदेशक म्हणून उभा राहतो, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचली नसल्यास नवल नाही.

या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारल्यास व्यवहार जाणणारा मनुष्य हिशेबाकडे बोट दाखवील. विद्यार्थ्यांनी केलेले काम खऱ्या गरजेचे असावे, गावकऱ्यांनी त्याचा मोबदला द्यावा आणि प्रत्येक वस्तूचा उत्पादनखर्च मुलांनी स्वतः मांडावा, असा दंडक होता. शाळेसाठी लोखंडी मांडणी करावयाची तर अँगल किती फूट लागला, त्याचे वजन किती, तुकड्यांत वाया किती गेला, वेल्डिंगच्या कांड्या किती जळल्या, वीज किती, मजुरी किती, हे सारे वहीत उतरले पाहिजे. शेकडेवारी, क्षेत्रफळ आणि घनता ही पुस्तकातील प्रकरणे येथे एका पानावर एकत्र येतात. शिवाय वस्तू वाकडी झाली तर गिऱ्हाईक ती घेत नाही. परीक्षकाला चुकविता येते, गिऱ्हाइकाला नाही. टकळीच्या सुताला जे लाभले नाही ते या मांडणीला लाभले.

सन १९८७ मध्ये महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख या नावाने हा विषय शालान्त परीक्षेसाठी मान्य केला. अवघ्या चार वर्षांत खेड्यातील एका प्रयोगाने मंडळाच्या विषयसूचीत प्रवेश मिळविला, ही असाधारण घटना होय. शाळा मध्येच सोडलेल्या तरुणांसाठी आश्रमातच एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही चालू झाला. तेथे गुणपत्रिकेपेक्षा काम करण्याची तयारी पाहिली जाई. आश्रमाच्या कार्यशाळेतून जुन्या जीपगाडीचे भाग वापरून बनविलेला 'मेकबुल' हा छोटा ट्रॅक्टर, त्रिकोणी चौकटी जोडून उभारलेली घुमटाकार घरे आणि भूगर्भातील पाण्याचा अंदाज घेणारे विद्युतरोध मोजण्याचे स्वस्त उपकरण अशी साधने निघाली. दुष्काळी गावात विहीर कोठे खणावी हे सांगणारा तरुण गावातच तयार व्हावा, याहून उपयुक्त विज्ञानशिक्षण कोणते? २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने, संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविणारी फॅब लॅब पाबळला आली. अमेरिकेबाहेरील अशा अगदी प्रारंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. २००३ मध्ये डॉ. कलबाग यांचे निधन झाले. आश्रमाचे कार्य त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले.

तथापि, अडचणीचा विचार केल्यावाचून हा वृत्तान्त पुरा होणार नाही. मंडळाची मान्यता हा अभ्यासक्रमाचा दाखला असतो. निदेशकाचे मानधन, हत्यारे आणि कच्चा माल यांचा खर्च मान्यतेच्या पत्राने भागत नाही. गावाकडून मिळणारा मोबदला कच्च्या मालाला आधार देतो, परंतु दरमहा पगार देण्याइतका तो क्वचितच असतो. त्यामुळे जेथे एखादी सामाजिक संस्था किंवा उदार दाता पाठीशी उभा राहिला तेथे विषय रुजला. जेथे आधार सुटला तेथे कार्यशाळेला कुलूप लागण्याचा धोका कायम राहिला. देणगीदार वर्गखोली बांधून देतो, कारण भिंतीवर नाव कोरता येते. वेल्डिंगच्या कांड्यांवर कोणाचे नाव कोरणार? आपल्या दानशूर समाजाने या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा.

पुढे राष्ट्रीय कौशल्य आराखड्याच्या चौकटीत हाच अभ्यासक्रम बहुकौशल्य या स्वरूपात शाळांतून चालू राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी शिफारस आहे. पाबळच्या शाळेत केवळ दहा दिवस नव्हे, तर आठवड्यातून एक दिवस दिला जात होता.